तान्हेपणापासूनचे व्यसन

सोलापूर, ता. १४ जानेवारी १९३६

ती. भावोजी यांस,

सोबत तिळगूळ पाठवला आहे. तो आईने केला आहे, म्हणून गोड आहे. पत्र माझे आहे.

आज सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले आहेत, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे, सगळे गाव तळ्याकडे गेले आहे आणि दादा अंगणात बसून शेजारच्या मल्लप्पाच्या सायकलचे पंक्चर काढतो आहे. जो माणूस मुंबईहून पुण्याला एकट्याने विमान घेऊन गेला आणि परत आला, तो हे करतो. त्याला त्याची लाज नाही आणि मलाही सायकलची लाज नाही. लाज वाटते ती मुंबईच्या वैद्यकीय मंडळाकडून आलेल्या कागदाची. तुमच्या घरी अक्कालाही वाचता यावा म्हणून त्याचे मराठी करून देते:

‘अर्जदारास तान्हेपणापासून अफूचे व्यसन असल्याचे त्याच्याच निवेदनावरून दिसते. सबब भाड्याचे विमान चालविण्यास तो अपात्र आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरचे पत्र ३१ मार्चपर्यंत आल्यास फेरविचार होईल.’

हे निवेदन मी लिहिले. अर्ज इंग्रजीत होता. दादा म्हणाला, “बीएबाई, तुमची पदवी कधी उपयोगी पडायची? भरा.” विसावा प्रश्न असा होता की, आपण कधी अफू किंवा तसा पदार्थ घेतला आहे काय, असल्यास केव्हापासून. मी विचार केला, ‘केव्हापासून’ म्हणजे अगदी पहिल्यापासून. म्हणून लिहिले की, या भागातल्या सर्व मुलांप्रमाणे तान्हेपणी आईने बाळगोळी दिली, पुढे विमान उतरवताना पाय मोडला तेव्हा, १९३३च्या ऑगस्टपासून आठ महिने, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली, त्यानंतर नाही.

दादा हसला होता. “बाळगोळीपण? मग वेखंड आणि काजळही लिही.” मी त्याला म्हटले, अर्धेच खरे लिहायचे तर शिकायचे कशाला?

तुम्ही या जिल्ह्यात वाढला आहात. मोहरीएवढी अफू आईच्या दुधात उगाळून द्यायची, म्हणजे मूल निजते आणि बाईला काम करता येते. गिरणीत जाणाऱ्या देतात, शेतात जाणाऱ्या देतात, कुठेच न जाणाऱ्या आमच्या आईनेही दिली. मुंबईच्या साहेबाला हे कुठून कळणार? त्याने ओळ वाचली आणि त्याच्या डोळ्यांपुढे चिलीम ओढणारे तान्हे मूल उभे राहिले असेल.

कागद आला त्या दिवशी आईने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग म्हणाली, “मी त्याला निजवलं गं. एवढंच केलं.” तेव्हापासून ती दादाला वाढते, पण त्याच्याकडे बघत नाही.

तुम्ही पाच ओळी लिहा. पाय तुम्ही बसवलात, अफू तुम्ही लिहून दिलीत आणि बाळगोळी म्हणजे व्यसन नव्हे हे तुम्हाला माहीत आहे. एवढेच लिहायचे आहे. टपालाच्या विमानांवर माणसे घेतली जाणार आहेत. हा दाखला असेल तरच दादाचा अर्ज उघडतील. नसेल तर मल्लप्पाची सायकल आहेच.

‘लोभ असावा’ असे शेवटी लिहितात. पत्र आल्यावर लिहीन.

गोदावरी

सोलापूर, ता. २ फेब्रुवारी १९३६

ती. भावोजी यांस,

मी तुम्हाला लिहिले आणि उत्तर तुम्ही आईला पाठवले. तिला वाचता येत नाही, ते मलाच वाचून दाखवावे लागणार, हे तुम्हाला ठाऊक होते. वाचून दाखवले. तुमचे वाक्य तुम्हालाच परत पाठवते:

‘इंग्रजी शब्दांचा अर्थ नीट न समजल्यामुळे अर्ज भरताना आपली चूक झाली, असे चि. गोदावरीने लिहून द्यावे. मग चिंतामणीस मी कधीही अफू दिली नाही व त्याने ती घेतल्याचे मला ठाऊक नाही, एवढे मी लिहू शकेन.’

आईचा चेहरा उजळला. “बघ, जावईबापूंनी काढलाच की मार्ग! लिहून दे बाई. तुला काय धाड भरली आहे, तुझं लग्नाचं पत्र आहे का ते?”

आमच्या घरात आमच्याआधी चार पिढ्यांत कोणी इंग्रजी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. दादा मॅट्रिकनंतर यंत्रांच्या मागे गेला. मी पुण्यात पाच वर्षे खानावळीचे पाणीदार वरण गिळून बी. ए. झाले. आणि आता मी सही करायची की मला इंग्रजी कळत नाही! तुम्ही हे लिहिताना थांबला होता का? का दौतीत टाक बुडवला आणि लिहून टाकले?

तुमची बढती व्हायची आहे, हे अक्काच्या पत्रावरून कळले. अफूची चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर म्हणून नाव निघायला नको, हेही कळले. पण दादाचा पाय मोडून तो ओरडत होता तेव्हा चिठ्ठी लिहिणे पाप नव्हते. पाप हे आहे.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. त्या वर्षी कॉलेज अर्ध्यावर थांबवून मी घरी होते. तुम्हाला वाटले असेल, घरातला कोणी पुरुष दुकानातून माल आणत असेल. पुरुष कोण होता? अण्णा गेलेले, दादा खाटेवर. मी आणत होते. सरकारी परवान्याच्या त्या दुकानात, डोक्यावरून पदर घेऊन. पहिल्या दिवशी दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. “चिट्टी हाय न्हवं? मग दवा. चिट्टी नसली की यसन. द्या हिकडं.”

त्या माणसाला जे दोन वाक्यांत कळले, ते मंडळाला कळत नाही आणि तुम्हाला कळून घ्यायचे नाही.

मी सही करणार नाही. खरे पत्र पाठवा.

गोदावरी

सोलापूर, ता. २३ फेब्रुवारी १९३६

ती. भावोजी यांस,

तुमचे पत्र नाही. बरे, मी दुसरी वाट धरली.

मंगळवेढ्याकडचा बिरप्पा धनगर तुम्हाला आठवतो का? अण्णा त्याचे अर्ज लिहून देत. दरवर्षी घोंगड्या विकायला येतो आणि आपल्या ओट्यावर टेकतो. दादाची अफू सुटली ती त्याच्याकडे. १९३४च्या एप्रिलात दादा कुबडी घेऊन त्याच्या कळपामागे गेला आणि सहा आठवड्यांनी ती टाकून परत आला. तिथे काय झाले हे दादाने आम्हाला कधी सांगितले नाही. बिरप्पा दहा-बारा दिवसांपूर्वी आला तेव्हा मी त्याला बसवले, म्हटले, “सांगा, मी लिहून घेते.” तो जसे बोलला तसे देते:

“पयले आठ दिस लई वरडला बगा त्यो. मला शिव्या दिल्या, देवाला दिल्या, मेंढरास्नी बी दिल्या. मेंढरं काय मनावर घेत न्हाईत. दोनदा पळाला. लंगडा मानूस, कुटं जातोय? माझी बायकू गोजाबाई जाऊन धरून आनायची. नवव्या दिशी भाकर मागितली. तवा मी म्हनलो, सुटला.”

“परत कधी मागितली का?”

“एकदाच. म्हनला, बिरप्पा, माझ्या म्होरं कुनी अफूची गोळी ठिवली तर मी काय करीन? म्या म्हनलं, मला काय ठावं? तुजं तुला ठावं. त्यो म्हनला, मला बी न्हाय ठावं, म्हून तर भ्या वाटतंय. त्या दिवसापास्नं मला त्येची काळजी न्हाय.”

याचे इंग्रजी करून, खाली बिरप्पाचा अंगठा घेऊन मी मंडळाकडे पाठवले. उत्तर आठ दिवसांत आले: वैद्यकीय ज्ञान नसलेल्या व्यक्तीच्या निवेदनाचा विचार करता येत नाही. ज्याला ज्ञान आहे तो साताऱ्यात बसून गप्प आहे, आणि ज्याने माणूस वाचवला त्याचा अंगठा चालत नाही.

दादाबरोबर विमान शिकलेला एक जहागीरदाराचा मुलगा आहे. दुपारी चारपासून त्याची बाटली सुरू होते, क्लबात सगळ्यांना माहीत आहे. एकविसाव्या प्रश्नाला, मद्याच्या, त्याने लिहिले, ‘नाही.’ तो पास. खोटे लिहिणारा हवेत आणि खरे लिहिणारा जमिनीवर, असा हा न्याय आहे.

हे वाक्य लिहून मी थांबले आहे. कारण ते पुरते खरे नाही.

तुम्ही १९३३च्या डिसेंबरात साताऱ्याला गेलात. जानेवारीत तुमचे कार्ड आले होते. ‘आता मात्रा हळूहळू कमी करून महिन्याभरात बंद करावी.’ ते कार्ड मी दादाला दाखवले नाही. एकदा एक वेळची गोळी चुकली होती तेव्हा तो भिंतीवर डोके आपटत होता, ते मी पाहिले होते. मला ते पुन्हा पाहायचे नव्हते. मी तुमची जुनीच चिठ्ठी घेऊन दुकानात जात राहिले. आठ महिन्यांतले पाच तुमचे, तीन माझे. अर्जात मात्र मी आठही महिने ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’ असे लिहिले. तान्हेपणची मोहरीएवढी गोळी लिहिली आणि हे लपवले. सगळ्या अर्जात तेवढेच एक खोटे आहे आणि ते माझे आहे.

आता तुमच्या हातात माझ्याविरुद्ध कागद आला. वापरा हवा तर. पण पत्र पाठवा.

गोदावरी

सोलापूर, ता. १२ मार्च १९३६

ती. भावोजी यांस,

रविवारी मी हरले. हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिते.

दिवस तेवीस उरले होते. दादा रोज विहिरीवरून पाण्याचे हंडे आणतो, पायाला बळ यावे म्हणून. ते पाहून मी दार लोटून बसले आणि तुम्हाला हवा होता तो कागद लिहिला. ‘माझे इंग्रजीचे ज्ञान अपुरे असल्यामुळे...’ खाली सही केली. सहीपुढे बी. ए. लिहायची सवय झाली आहे. ते लिहून पुन्हा खोडले.

दादा पाकीट मागायला आत आला. कागद उचलून त्याने वाचला.

“‘मला इंग्रजी येत नाही.’ आणि हे पानभर लिहिलंयस इंग्रजीत, एक चूक नाही! बीएबाई, निदान दोन शब्द तरी मोडके घालायचे.”

मला हसू आले नाही. मी म्हटले, “दे तो इकडे. तुला उडायचं आहे की नाही?”

“आहे.”

“मग?”

“मी अफूबाज होतो, गोदे. तू अडाणी कधी नव्हतीस. खोटं लिहायचंच तर माझ्याबद्दल लिहायचं होतं, तुझ्याबद्दल कशाला?”

तेव्हा मी त्याला जानेवारीच्या कार्डाबद्दल सांगितले. दोन वर्षे गिळून ठेवलेले, एका दमात. मला वाटले तो मारील. मारले असते तर बरे झाले असते.

तो म्हणाला, “कार्ड तू संस्कृतच्या पुस्तकात ठेवलं होतंस. मी वाचलं त्याच आठवड्यात.”

“आणि बोलला नाहीस?”

“मलाही हवीच होती की. तू आणत होतीस, मी घेत होतो. एकमेकांना वाचवत बसलो होतो दोघं. पुढं शुद्धीवर आलो तेव्हा चिठ्ठी, कार्ड, सगळं चुलीत घातलं. म्हटलं, झालं ते झालं.”

माझा कागद त्याने तेलाच्या डब्याखाली अंथरला. तो तिथेच आहे, पूर्ण तेलकट. तुम्हाला मिळणार नाही.

चिठ्ठी आणि कार्ड जळाले, म्हणजे आता कुठे काही लिहिलेले असेल तर ते फक्त तुमच्या रोग्यांच्या वहीत. ती काळ्या पुठ्ठ्याची वही तुम्ही कोणाला हात लावू देत नाही, मला आठवते. ती उघडा. मी भीक मागत नाही. तुम्ही जे केलेत तेच लिहा म्हणते आहे, चांगलेही आणि वाईटही. माणूस स्वतःचे अक्षर ओळखायला एवढा का भितो?

गोदावरी

सोलापूर, ता. २७ मार्च १९३६

ती. भावोजी यांस,

तुमची काळ्या पुठ्ठ्याची वही हरवली म्हणून शोधत असाल तर शोधू नका. काल पार्सलने आली. अक्काच्या बाळाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेली, वरून सुतळी. आत अक्काची चिठ्ठी: ‘तुझी सगळी पत्रे मीच आधी फोडते. इंग्रजी मला येत नाही. कुठलं पान ते कळेना, म्हणून वहीच पाठवली.’

मी फक्त १९३३ आणि ३४ची आपली पाने उघडली. बाकीच्या रोग्यांची वाचली नाहीत, शपथेवर सांगते. दोन पाने मिळाली. पहिल्यावर ऑगस्टची नोंद: मांडीचे हाड, असह्य वेदना, अफू दोन वेळा. दुसऱ्यावर जानेवारीची: ‘पत्राने कळविले, मात्रा कमी करून महिन्यात बंद करावी.’

भावोजी, तुम्ही रोग्याला वेदनेत औषध दिलेत आणि वेळेवर बंद करायला सांगितलेत. यात बढती अडण्यासारखे काय आहे? तुमची सुटका तुमच्याच अक्षरात, तुमच्याच कपाटात होती. तीन महिने तुम्ही वही उघडलीसुद्धा नाही. माझी पदवी पुसून टाकणे तुम्हाला त्यापेक्षा सोपे वाटले. आता मला तुमचा राग येतो त्यापेक्षा जास्त शिसारी येते.

दुसऱ्या पानाने दोषी मी ठरते. दोन्ही पानांच्या नकला मॅजिस्ट्रेटच्या शिक्क्याने करून घेतल्या, तिसरे पान माझे जोडले: ‘जानेवारीनंतर अफू मी आणली, सल्ल्याविरुद्ध, आधीच्या अर्जात हे लपवले.’ सही, पुढे बी. ए. या वेळी खोडले नाही. आज दादा ते घेऊन स्वतः मुंबईच्या गाडीत बसला. आईने त्याच्या हातावर दही घातले आणि किती महिन्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले.

वही रजिस्टरने परत पाठवली आहे. अक्काला एक शब्द बोललात तर पुढचे पत्र तुम्हाला येणार नाही, तुमच्या वरिष्ठांना येईल.

गोदावरी

सोलापूर, ता. २० एप्रिल १९३६

ती. भावोजी यांस,

निकाल लागला. अक्काला कळावा म्हणून तुम्हाला लिहिते. ती आधी फोडीलच.

मंडळावर तिघे होते; तुमच्या पत्राऐवजी वहीच्या नकला त्यांनी चालवून घेतल्या. साहेबाने माझे पान वाचून विचारले, “ही तुमची बहीण? हिने असे का लिहून दिले?” दादा म्हणाला, “तिला विचारा, मलाही कळत नाही.” मग बाळगोळीचा विषय निघाला. साहेब पुन्हा भुवया उंचावू लागला तेव्हा कडेला बसलेले देशी डॉक्टर म्हणाले, “मी बार्शीचा आहे, सर. मला सांगता येणार नाही, पण माझ्याही आईने दिलीच असणार. मला मंडळावरून काढायचे का?”

दादाला दाखला मिळाला. सहा महिन्यांचा. दर महिन्याला मुंबईला जाऊन डोळे दाखवायचे, हात पुढे धरून बोटे थरथरतात का ते दाखवायचे. जहागीरदाराच्या मुलाला वर्षाचा मिळाला, बोटे न दाखवता. मी चिडले तर दादा म्हणतो, “दाखवीन की. माझी थरथरत नाहीत. त्याची थरथरतात.” टपालाच्या विमानांची भरती पुढच्या महिन्यात आहे. घेतील न घेतील. पण त्याचा अर्ज उघडतील.

माझ्या शाळेत मात्र बातमी पोहोचली. अफू आणणाऱ्या बाईने मुलींना शिकवावे का, यावर शनिवारी बैठक आहे. मी जाणार आहे. विचारतील ते सांगणार आहे.

एक गोष्ट तुम्हाला अजून सांगितली नाही. पार्सलात वहीखाली एक पितळी डबी होती, अंगठ्याएवढी. उघडताच मला ओळखता आली; असली बाळगोळीची डबी आमच्याही फडताळात असायची. ती मी मंडळापुढे ठेवू शकले असते. डॉक्टरच्या घरातली, डॉक्टरच्या मुलाची. ठेवली नाही. तुमच्यासाठी नव्हे. डबीच्या झाकणात अक्काची आणखी एक चिठ्ठी घडी करून बसवली होती आणि ती माझ्यासाठी होती. तुमच्या घरात काय लिहिले जाते हे तुम्हालाही कळावे, म्हणून उतरवून देते:

‘गोदू, तुझं पत्र वाचलं, आईने चिंतूला निजवलं ते. मीही बाळाला हीच देत होते. आता घरात नको. तीन दिवस झाले, रडतो आहे. हे म्हणतात, थोडी दे, डोकं उठलं. मी म्हटलं, रडू दे.’

गोदावरी